दोन नर किंवा दोन माद्या: जर्बिलच्या चढाचढीत कधी पडावं, कधी पडू नये

एक जर्बिल (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) दुसऱ्याच्या पाठीवर चढला की लोक दोनच अर्थ काढतात: दुकानदाराने नर-मादी गळ्यात मारली, किंवा आता हे एकमेकांचा जीव घेणार. पहिली शंका तपासून मोकळे व्हा. दुसरी बहुतेक वेळा खोटी असते, पण घाबरून जोडी वेगळी केलीत तर ती खरी व्हायला वेळ लागत नाही.

लिंग तपासा

शेपटीच्या मुळाशी दोन छिद्रं दिसतात. नरात त्यांच्यातलं अंतर साधारण १ सेंमी, मादीत जेमतेम काही मिलिमीटर. मोठ्या नराची वृषणं फुगीर दिसतात. दोघांना शेजारी धरून पाहिलं की फरक लगेच कळतो. शेपटीच्या टोकाला धरून उचलू नका, कातडी सोलून हातात येते. नर-मादी निघाली तर आजच वेगळी करा. गर्भकाळ अवघा २४ ते २६ दिवसांचा असतो आणि व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

चढणं म्हणजे भांडण नव्हे

मंगोलियन जर्बिल कुटुंबकबिल्याने राहतात, आणि कबिल्यात वरचढ कोण हे ठरलेलं लागतं. दोन भाऊ २ ते ४ महिन्यांचे असताना एकमेकांवर चढतात ते यासाठीच. माद्यांचं थोडं वेगळं: दर ४ ते ६ दिवसांनी मादी माजावर येते, त्या संध्याकाळी मागच्या पायांनी जमीन बडवणं, पाठलाग, चढणं असा धुमाकूळ चालतो आणि सकाळी सगळं शांत. काही सेकंदांचा पाठलाग, चढणं, खालच्याचं चिरकणं, मग दोघंही दाणे खायला हजर, हे रोजचं आहे. दबलेला जर्बिल मान खाली घालून दुसऱ्याच्या हनुवटीखाली शिरतो आणि ‘चाट मला’ म्हणतो. पोटावरची गंधग्रंथी जमिनीवर घासत फिरणं, मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या पायांनी ढकलाढकली करणं हेही चालतंच. यात हात घालू नका.

‘एक दिवस वेगळं ठेवा, डोकं थंड होईल’ हा सल्ला सर्वांत वाईट. जर्बिल आपला-परका वासावरून ओळखतात. वेगळं राहिल्यावर सामायिक वास फिका पडतो आणि परत सोडलेला भाऊ परका ठरतो. चढणं थांबवण्यासाठी नसबंदी करून घेणंही उगाच. एवढ्याशा जिवाला भूल देण्याचा धोका त्यासाठी कशाला?

काळजी कधी करायची? एकजण सतत कोपऱ्यात किंवा पाण्याच्या बाटलीला लटकून राहतो, त्याला घरट्यात किंवा दाण्यांजवळ येऊ देत नाहीत, दोघं वेगळे झोपतात, पाठलाग मिनिटामिनिटाने वाढत जातो. अंग फुगवून, तोंडाऐवजी अंगाची बाजू पुढे करत एकमेकांकडे सरकणं ही शेवटची सूचना. त्यानंतर दोघांचा मिळून गरगरणारा एकच गोळा होतो. चावे बहुधा ढुंगणावर आणि शेपटीच्या मुळाशी असतात.

रक्त दिसलं तर

जाड हातमोजा किंवा सुपली मधे घाला, उघडा हात नाही. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवा. चाव्यात पू धरतो, म्हणून लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. माणसाची मलमं लावू नका, ती चाटली जातात.

जाळी: इथेच सगळे चुकतात

भांडलेल्या किंवा अनोळखी जर्बिलना ‘तटस्थ जागी’, बाथटबमध्ये किंवा पलंगावर एकत्र सोडायचं नसतं. तिथे ते गोंधळून शांत दिसतात, पिंजऱ्यात परतल्यावर फुटतात. दोघांच्या अंगाला व्हॅनिला इसेन्स चोळण्याने तर काहीच होत नाही. वास झाकला जातो, एक होत नाही.

त्याऐवजी काचेच्या टाकीच्या मधोमध तारेची जाळी बसवून दोघांना दोन बाजूंना ठेवा; जाळीचा चौकोन ६ मिमीपेक्षा मोठा नको. दोन जाळ्या १ सेंमी अंतराने लावल्या तर उत्तमच, नाकं आणि पायांची बोटं वाचतात. जाळी तळाला टेकलेली आणि दोन्ही बाजूंना घट्ट हवी. भुसा ३-४ सेंमीच घाला, नाहीतर खालून बोगदा खणतील. वरूनही झाकण जाळीला भिडलेलं हवं. फटीतून रात्रीत घुसलेला जर्बिल सकाळी धड सापडेलच असं नाही.

आता खरं काम: दिवसातून किमान ३ वेळा दोघांची जागा बदला. जर्बिल उचलून दुसऱ्याच्या बाजूला ठेवायचा, घरटी जागच्या जागी राहू द्यायची, म्हणजे दुसऱ्याच्या वासात झोपावं लागतं. जाळी लावून आठवडाभर नुसतं बघत बसलात तर दोन शेजारी राज्यं तयार होतात आणि सीमेचं रक्षण सुरू होतं. दिवस किती झाले यापेक्षा अदलाबदली किती झाल्या ते महत्त्वाचं. या काळात भुसा बदलू नका, वास येऊ द्या.

कमीत कमी ७ दिवस. मोठ्या माद्यांना २ आठवडे किंवा जास्तही लागतात. ६ ते ८ आठवड्यांच्या पिल्लांसोबत मोठा नर बराच लवकर जमतो. दोघंही जाळीला चिकटून घरटं करू लागले आणि समोरच्याला पाहून जाळीवर तुटून पडणं थांबलं, की तयारी झाली. एक जरी अजून जाळी चावत धडपडत असेल तर थांबा.

जाळी काढताना

सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. साधारण ३० बाय ३० सेंमी एवढीच जागा ठेवा. घर, चाक, नळ्या सगळं बाहेर. घर ठेवलं की एकजण त्याचा मालक होतो आणि दुसरा कोंडीत सापडतो. दाणे पसरून टाका. पहिल्या तासात चढाचढी होईल, व्हावीच, कारण क्रम तिथेच लागतो. अंग फुगवून बाजू पुढे करत सरकू लागले तर ताबडतोब जाळी परत, आणि पुन्हा पूर्ण आठवडा. एका ढिगात गाढ झोपले की बहुतेक जमलं. तरी संध्याकाळी पुन्हा जागे होतात तेव्हा नजर ठेवा, आणि रात्री शंका असेल तर जाळी लावून झोपा.

जागा पुढच्या २ आठवड्यांत थोडी थोडी वाढवा, चाक शेवटी. साफ करताना जुना भुसा मूठभर परत घालायचाच.

मोठी टाकी आणि दोन घरं देऊन भांडण टळतं असं सांगतात. माद्यांच्या बाबतीत उलट होतं: जागेची वाटणी होते. तीन माद्या तर ठेवूच नका, दोनांवर थांबा.

दोन-तीन वर्षं गुण्यागोविंदाने राहिलेली जोडी अचानक बिनसली, तर जाळी शोधण्याआधी दोघांना तपासून घ्या. म्हाताऱ्या नरांच्या पोटावरच्या ग्रंथीला गाठ येते, माद्यांना अंडाशयात पाण्याच्या गाठी (सिस्ट) होतात, आणि आजारी साथीदाराचा बदललेला वास दुसऱ्याला आधी कळतो.