७६८ घरांची उडी: मराठी निरोप तेलुगू लिपीत दडवायचा कसा

भाचीची एकच अट होती: गुप्त लिपी करायची तर इंग्रजी अक्षरं उलटीपालटी करून नाही, मराठीच दडली पाहिजे. त्यातून ही रीत हाती लागली आणि आता आमचे निरोप असेच जातात.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरीची घरं २३०४ ते २४३१. पुढे बंगाली, गुरुमुखी, गुजराती, उडिया, तमिळ आणि मग तेलुगू, प्रत्येकीला १२८ घरं. हा आराखडा १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतला, म्हणून एकाच ध्वनीचं अक्षर सहसा प्रत्येक लिपीत त्याच घरात सापडतं. देवनागरीसकट सहा लिप्या ओलांडायच्या, म्हणजे ७६८ मिळवायचे.

‘खेळ’ घ्या. ख २३२६, एकाराची मात्रा २३७५, ळ २३५५. बेरजेनंतर ३०९४, ३१४३, ३१२३. एक्सेलमध्ये एका रकान्यात एकच चिन्ह ठेवा. युनिकोड हे फंक्शन क्रमांक सांगतं, युनिचार क्रमांकाचं अक्षर करतं. एकटी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसली तर घाबरू नका, जोडल्यावर ती जागेवर जाते. मोकळी जागा, विरामचिन्हं आणि दंड (।) यांना हात लावायचा नाही. उलगडताना ७६८ वजा.

तेलुगू वाचणाऱ्याला हे सहज उमगेल. म्हणून आधी शब्द उलटा करा, पण अक्षराअक्षराने: ‘किती’चं ‘तीकि’. मात्रा सुटी करून उलटवली तर ती शब्दाच्या सुरुवातीला लोंबकळते आणि सगळं बिंग फुटतं.

अडचण येते ती ॲ, ऑ आणि त्यांच्या मात्रांची. तेलुगूत ती घरं रिकामी, तिथे चौकोन उमटतो. ‘ऑफिस’चं आधीच ‘ओफिस’ करून घ्या.

मला या लिपीचं खरं कौतुक ऱ साठी आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द तेलुगूत जाऊन वेगळेच परत येतात, कारण ऱ ला तिथे स्वतःचं घर आहे. मात्र काही कीबोर्ड ऱ ऐवजी र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि न दिसणारा जोडक देतात. त्या जोडकाचा क्रमांक ८२०५, तो आहे तसा राहू द्या. भाचीने एकदा हौसेने गुजराती निवडली, ३८४ ची उडी. निरोप आला, पण तिच्या ‘दऱ्या’तल्या ऱ च्या जागी नुसता चौकोन होता.