मनाची गोळी चालू असताना डोकं दुखलं तर या चुका टाळा

चोपड्याला माझं औषधाचं दुकान आहे. "भाऊ, डोकं दुखी ऱ्हायनं, एखादी गोळी दे" हे मी दिवसातून दहा-पंधरा वेळा ऐकतो. वैशाखात पारा ४५ ला टेकला की त्याहून जास्त. मी विचारतो, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" बी.पी.ची गोळी सांगतात, शुगरची सांगतात. नैराश्याची सांगत नाहीत. आमच्याकडे "डोक्याची गोळी" म्हटलं की दोन अर्थ निघतात. दुखण्यावरची चारचौघांत मागतात, दुसरी जळगाव-धुळ्याहून गुपचूप आणतात. आणि त्या दोघींची गाठ पोटात पडते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: मनाची गोळी लपवून पेनकिलर घेणं.

तापीकाठच्या गावातले एक काका, साठी ओलांडलेले. बायको गेल्यावर खचले होते. जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध सुरू केलं होतं. इथे कुणाला कळू नये म्हणून ते औषध तिकडूनच आणायचे. त्या हिवाळ्यात डोकं दुखायला लागलं, तेव्हा माझ्याकडून आयब्युप्रोफेन असलेल्या गोळ्यांची एक पट्टी घेऊन गेले. दुकानात गर्दी होती, मी विचारलं नाही. बरं वाटलं म्हणून पुढच्या पट्ट्या त्यांनी गावातल्या किराणा दुकानातून घेतल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, तीन आठवडे, तीही बहुतेक वेळा नुसत्या चहावर. संडास डांबरासारखी काळी व्हायला लागली. काकांना वाटलं, कळण्याची भाकरी खातोय, उडीद काळा असतो, त्याचंच असेल. एके दिवशी मुलगा शेतातून आला तर काका ओट्यावर बसलेले, उठता येईना. ओठ पांढरेफटक, बनियन घामाने चिंब. हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं, दुर्बिणीने तपासलं तर जठरात व्रण निघाला. काका वाचले. नंतर मुलगा दुकानात आला, दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "या एकत्र चालतात का हो?" त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय पेनकिलर देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही चिडो.

कारण समजून घ्या. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स रक्तातलं सेरोटोनिन उचलून साठवतात आणि जखम झाली की ते सोडून एकमेकींना चिकटतात. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही औषधं तो साठाच होऊ देत नाहीत. दुसरीकडे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. म्हणजे एक औषध जखम करतं आणि दुसरं ती वाहती ठेवतं. एखाद्या गोळीने लगेच असं होतं असं नाही, पण रोज घेतली, वय जास्त असलं, आधी अल्सर झाला असला की धोका वाढत जातो. पाण्यात विरघळणारी डिस्प्रिन हीसुद्धा ॲस्पिरिनच, ती साधी समजू नका. "सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो की" हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. तिने धोका कमी होतो हे खरं, पण कुठली घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावं. ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्याच गोळीने एसिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे घेणाऱ्याला कुठून माहीत असणार?

मी काय देतो? साधी पॅरासिटामॉल. ६५० ची एक, पुढची किमान सहा तासांनी, दिवसात चारच्या वर नाही. रोज दारू घेणाऱ्यांनी आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असते, तीही हिशेबात धरा. आणि गोळीच्या आधी पाणी. उन्हातून आलात, सकाळपासून पोटात काही नाही, तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या आणि अर्धा तास सावलीत पडा. निम्मी डोकेदुखी तिथेच उतरते, असा माझा अनुभव आहे. बाम खुशाल चोळा.

दुसरी चूक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हमखास दिसते. लेक माहेरी येते आणि गोळ्या सासरी ठेवून येते, कारण पर्समध्ये आईला किंवा वहिनीला दिसतील. अशीच एक आली होती, वेन्लाफॅक्सिन चालू असलेली. दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं, चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून तळपायाला कांदा चोळला, नजर काढली. भाऊ दोनदा माझ्याकडून पॅरासिटामॉल घेऊन गेला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "हिने काही होत नाही, जोरदार दे." मी म्हटलं, तिलाच पाठव. संध्याकाळी ती आली, सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत पंख्याखाली उभी राहिली आणि मग हळूच सांगितलं. तिच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी चिठ्ठी पाठवली. गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती झोक्यावर होती. हे दुखणं पेनकिलरने जाणारं नव्हतंच, गोळी अचानक थांबल्याचं होतं. वेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन अचानक बंद केल्यावर हा त्रास जास्त होतो. माझं सांगणं एकच: माहेरी निघताना आधी गोळ्या पिशवीत, मग साड्या. बंद करायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

याच्या उलट टोकाला घाईची मंडळी. गोळी सुरू केली, चौथ्या दिवशी डोकं दुखलं, "मला सूट होत नाही" म्हणून बंद. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस डोकं दुखणं नेहमीचं आहे, बहुतेकांचं आपोआप थांबतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. चार दिवसांत निकाल लावणाऱ्यांचा मला राग नाही, काळजी वाटते, कारण ते पुन्हा डॉक्टरांकडे जातच नाहीत.

बाकीचं थोडक्यात. ट्रामाडॉल ही जोरदार पेनकिलर शेजाऱ्याकडे उरलेली असली तरी घेऊ नका. नैराश्याच्या औषधांसोबत तिने सेरोटोनिन फार वाढू शकतं, झटकेही येऊ शकतात. खोकल्याच्या औषधावर डेक्स्ट्रोमेथॉर्फान लिहिलं असेल तर आधी विचारा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक परस्पर कधीच नाही. अर्धशिशीची सुमाट्रिप्टान डॉक्टर जाणूनबुजून देतात, पण त्यांना तुमची दुसरी गोळी माहीत हवी. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या नाव विचारल्याशिवाय गिळू नका. महिन्यात १५ दिवस साधी पेनकिलर लागत असेल तर आता तीच डोकं दुखवत असण्याची शक्यता आहे.

वयस्कर माणूस, सोबत बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी, आणि नैराश्याचं औषध सुरू झाल्यावर डोकं दुखतंय, तोल जातोय, बोलणं भरकटतंय? रक्तातलं सोडियम घटलंय का ते तपासा, त्याच दिवशी.

काळी संडास, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डोक्यात अचानक उठलेली भयंकर कळ, तापासोबत मान आखडणं, बोलताना जीभ अडखळणं, किंवा नवीन औषध घेतल्यावर काही तासांत थरथर, घाम, जुलाब, बेचैनी: दुकानात येऊ नका, सरळ दवाखाना गाठा. मनाचंच बोलायचं असेल आणि डॉक्टर लांब असतील तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात.

आणि काउंटरवर चार लोक उभे असताना सांगायचा संकोच वाटत असेल, तर मोबाइलमध्ये पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि तो माझ्यासमोर धरा. मी नाव मोठ्याने वाचत नाही.