चुकाऱ्याचे पैसे आले, आता कुठं टाकायचे?

कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, मिळाला की माझ्या ऑनलाइन सेवा केंद्रात गर्दी वाढते. सातबारा काढायला आलेला माणूस कागद हातात घेतल्यावर जात नाही, थोडा वेळ उभा राहतो अन् मग हळूच विचारतो, "भाऊ, थोडे पैसे हायेत, शेअरमध्ये टाकू काय?" मी काही लायसनवाला सल्लागार नाही. दारव्हा तालुक्यात आठ एकर कोरडवाहू अन् हे दुकान, एवढंच. पण २०१८ पासून स्वतःचे पैसे म्युच्युअल फंडात (बऱ्याच लोकांचे पैसे गोळा करून कंपन्यांच्या शेअरमध्ये वगैरे लावते तो फंड) टाकतोय, त्यात चुकलोही आहे, म्हणून जे जे विचारलं जाते ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी वही काढा. खरंच सांगतो, कोणता फंड घेऊ हा प्रश्न पाचव्या नंबरचा आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या गावचे एक काका आले, खताच्या रिकाम्या पिशवीत सगळे कागद भरून. काउंटरवर पसरवले तर तीन एफडीच्या पावत्या, दोन विम्याच्या पॉलिस्या अन् सात म्युच्युअल फंड. म्हणाले, "सात जागी वाटून टाकले, एक बुडलं तं दुसरं राहीन." मी मोबाईलवर एकेका फंडाची यादी उघडली, म्हणजे त्या फंडानं कोणत्या कंपन्यांत पैसे लावले ते. सातपैकी पाच फंडात वरची नावं तीच: रिलायन्स, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक. काकाला म्हटलं, वावरं सात घेतली पण पाचात एकाच वाणाची पऱ्हाटी लावली, बोंडअळी आली तर पाचही जातीन. ते त्यांना लगेच समजलं. आपल्यासारख्याला एक निफ्टी इंडेक्स फंड पुरते, त्यात ५० मोठ्या कंपन्या आपोआप येतात. फार तर सोबत अजून एखादा.

वहीत फक्त एफडी अन् फंड लिहून चालत नाही. शेती लिहा, सोनं लिहा, बैलजोडी लिहा, कर्ज लिहा. काकाचे बारा एकर धरले तर त्यांची बहुतेक सगळी संपत्ती पाऊस अन् कापूस-सोयाबीनच्या भावावर टांगलेली निघाली. नोकरीवाल्या मास्तरला दर महिन्याला पगार आहे, तो शेअरमध्ये जास्त टाकू शकते. आपली कमाईच जोखमीची आहे, मग बचतीतला सेफ हिस्सा मोठा पाहिजे. मोबाईलवरच्या व्हिडिओत "१०० मधून वय वजा करा, उरलं तेवढे टक्के शेअरमध्ये" असं सांगतात, ते पगारदाराला ठीक असन, कोरडवाहूवाल्यानं ते तसंच्या तसं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या खरिपाचं बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी, घरचा वर्षाचा किराणा अन् लेकरांची फी, हा पैसा गुंतवणुकीचा नाहीच. हा बँकेतच ठेवायचा, सेव्हिंगला नाहीतर मोडता येईन अशा एफडीत. मी हे २०२० मध्ये केलं नव्हतं. जानेवारीत निफ्टी, म्हणजे त्या ५० कंपन्यांच्या शेअरच्या भावाचा आकडा, १२,३०० च्या वर होता, मी खरिपाचेही पैसे फंडात टाकून बसलो, वाटलं मे महिन्यात काढून घेऊ. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला, कापसाची खरेदी बंद, अर्धा कापूस घरात पडून, त्याच्यावर लेकरं खेळत होते अन् माझ्या हातात बियाण्यापुरतेही पैसे नव्हते. फंडातले अर्धे युनिट, म्हणजे माझे अर्धे हिस्से, विकले त्या भावात. त्याच वर्षी नोव्हेंबरात निफ्टी जानेवारीच्या वर गेला. मार्केट पडलं म्हणून माझं नुकसान नाही झालं, मला विकायची पाळी आली म्हणून झालं.

"कर्ज आहे, तरी टाकू काय?" कर्ज कोणतं ते पाहा. सावकाराचं महिन्याला शेकडा तीन रुपयानं असन तर ते वर्षाला ३६ टक्के झालं, एवढा परतावा कोणताच फंड भरवशानं देत नाही, तर आधी ते फेडा. सोनं गहाण असन तर ते सोडवा. पीककर्जाचं उलट आहे, राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज शून्य पडते, म्हणून काही पोरं विचारतात की ते उचलून शेअरमध्ये टाकलं तर फुकटचा नफा नाही काय. नाही. कर्ज भरायची तारीख ठरलेली आहे, मार्केट वर असायची तारीख ठरलेली नाही. तारीख हुकली की व्याजाची सवलत गेली अन् पुढच्या वर्षी बँक दारात उभं करत नाही.

"दर महिन्याला एसआयपी जमत नाही, मग?" एसआयपी म्हणजे दर महिन्याला बँक खात्यातून ठरलेला हप्ता फंडात जाणं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येते अन् याचं उत्तर कुठं नीट सापडत नाही. आपल्याकडं पैसा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत येते, सोयाबीन, मग कापूस, मग तूर. जून ते सप्टेंबर फक्त जाते. त्या चार महिन्यांत एसआयपीचा हप्ता लागला अन् खात्यात पैसे नसले तर बँक दंड कापते. त्यापेक्षा चुकारा आला की ठरवलेली रक्कम एकदम लिक्विड फंडात (शेअरमध्ये न लावता थोड्या दिवसांच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवते, चढउतार कमी) टाका अन् तिथून दर महिन्याला थोडी थोडी इंडेक्स फंडात जाईन असं लावून द्या, याला एसटीपी म्हणतात. ६०,००० टाकले तर महिन्याला ५,००० असं वर्षभर चालते, तुमच्या बँक खात्याला हात लागत नाही. फंड घेताना नावात डायरेक्ट आहे का रेग्युलर ते पाहा. रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन तुमच्याच पैशातून जाते, फरक १ टक्क्याच्या आसपासही असू शकते. समजा १ लाख २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९ लाख ६५ हजार होतात, ११ टक्क्यांनी ८ लाख ६ हजार. एजंट खरंच मार्गदर्शन करत असन तर त्याचा मोबदला त्याला मिळावा, पण काय देतोय ते माहीत पाहिजे.

"रोज पाहावं लागते काय?" रोज पऱ्हाटी उपटून मुळं पाहत नाही ना आपण. मी वर्षातून एकदा पाहतो, गुढीपाडव्याच्या आसपास, वेचणी झालेली असते अन् डोकं थोडं मोकळं असते. माझं गणित साधं, खरिपाचा पैसा बाजूला काढून उरलेल्यात अर्धं शेअरच्या फंडात, अर्धं एफडी अन् पोस्टात. समजा १-१ लाख टाकले होते, फंडाचे दीड लाख झाले अन् एफडीचे १ लाख ७ हजार, तर तराजू एकीकडं झुकला. मी फंड विकत नाही, नवीन हंगामाचे पैसे एफडीकडं टाकून सारखं करतो. विकलं नाही म्हणजे टॅक्सही नाही.

टॅक्सचं निघालंच आहे तर, "आपल्याले तं टॅक्स लागतच नाही" हे अर्धंच खरं आहे. शेतीचं उत्पन्न माफ आहे, शेअरचा नफा शेतीत धरत नाही. शेअरचा फंड वर्षभरानंतर विकला तर आर्थिक वर्षात १.२५ लाखांपर्यंतचा नफा मोकळा, त्याच्या वरच्या नफ्याला १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.

ऑप्शनबद्दल, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत भाव वर जाईन का खाली यावर पैसे लावण्याबद्दल, विचारणाऱ्या पोट्ट्यांना मी हात जोडतो. शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये हिशोब काढला, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ लोकांनी पैसे घालवले, सगळं मिळून १.८ लाख कोटींच्या वर. आमच्या गावातल्या एका पोरानं बापाला न सांगता ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे त्यात टाकले, त्या घरात चार दिवस चूल पेटली नाही. टेलिग्रामवर कुणी गॅरंटी देत असन तर सेबीच्या साइटवर त्याचं नाव रजिस्टर आहे काय ते शोधा, अन् रजिस्टर असला तरी ठरलेल्या परताव्याची गॅरंटी द्यायची त्याला परवानगीच नसते.

"पतसंस्था दोन टक्के जास्त देते" याचं उत्तर माझ्या मावशीकडं आहे, तिचे पैसे एका पतसंस्थेत अडकून सहा वर्षं झाली. बँकेत एका माणसाच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असते, सहकारी बँकेतही असते, पतसंस्थेत तो नसते. ५ लाखांच्या वर असन तर दोन बँकांत वाटून ठेवा.

अन् नॉमिनी. काकाच्या सातही फंडांत नॉमिनी लावलेला नव्हता, एका एफडीवर त्यांच्या मायचं नाव होतं, माय जाऊन नऊ वर्षं झाली. दोन तास बसून पाच फंडांत काकूचं नाव टाकलं, दोन फंडांच्या केवायसीत मोबाईल नंबर जुना निघाला म्हणून राहिले. एफडीचा फॉर्म घेऊन ते बुधवारी बँकेत जाणार आहेत, काकूला सोबत घेऊन जा म्हटलं, कोणता कागद कुठं आहे ते तिलाही दिसलं पाहिजे.