किनाऱ्याची सायकल फेरी: किलोमीटर नको, चढ मोजा

कोकणात शंभर किलोमीटर म्हणजे देशावरचे शंभर नव्हेत. प्रत्येक खाडीपाशी उतार, लगेच पुढच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढ. घाटासारखा एक मोठा चढ नसतो, पण हे छोटेच जास्त दमवतात.

रत्नागिरी–निवळी–जाकादेवी–चाफे–जयगड–मालगुंड–गणपतीपुळे–आरे-वारे–रत्नागिरी अशी फेरी आखताना मी असं करतो:

१. अ‍ॅपवर मार्ग काढून एकूण चढ बघायचा. सपाटीच्या वेळेत दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वाढवायची. माझ्या पायांचा हिशेब, तुमचा थोडा वेगळा निघेल.

२. आतला रस्ता पहाटे. निवळी–जयगडवर बंदराचे ट्रक असतात, ते वाढण्याआधी सुटायचं.

३. किनारा परतीला, दक्षिणेकडे. हिवाळ्यात दुपारी वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे पाठीशी.

४. चढांची यादी कागदी टेपवर लिहून दांड्यावर चिकटवायची: 'मालगुंडनंतर २, आरेच्या आधी १'. घामाने शाई पसरते, पेन्सिलच बरी.

आरे-वारेच्या उतारावर वळणांत वाळू आलेली असते. समुद्राकडे बघायचंच असेल तर थांबून बघा.