गॅदरिंगला जंगल उभं करायचं तर

‘मी झाड आहे, मला तोडू नका’ हे वाक्य आधी संहितेतून काढा. गेली काही वर्षं आमच्या सिंधुदुर्गात मी मुलांची नाटकं बसवतेय. या वाक्याला पालक हमखास मोबाइल काढून बसतात.

त्याऐवजी धनेश पक्ष्याची गोष्ट घ्या. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून उंबरं आणून भरवतो. रंगमंचावर यापेक्षा काय हवं?

ढोलीसाठी फ्रिजचं खोकं, वरून गोणपाट. चोच पुठ्ठ्याचीच करा. मी एकदा कागदाच्या लगद्याची केली. ती इतकी जड झाली की नर उंबर देताना पुढेच झुकला आणि मुखवटा ढोलीत!

पाऊस मुलांच्या हातांनी पाडा. तळहातावर एक बोट, मग दोन, मग चार, शेवटी मांड्यांवर थापा. टेप नको.

शेवटी विंगेतून कुऱ्हाडीचे तीन घाव. पाऊस थांबतो. नर उंबर घेऊन येतो, ढोली शोधत फिरतो. संवाद नाही. दिवे लगेच घालवू नका, त्याला फिरू द्या.