सुसाना बाका ऐकायचीये? मग सुरुवात अशी करा

सुसाना बाका पेरूची गायिका. १९४४ साली लिमात जन्मली, चोरियोस नावाच्या समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत वाढली, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांची गाणी तिने जगभर पोचवली. मला ती प्रचंड आवडते, आणि लोक तिचं एखादं गाणं मागे लावून ठेवतात, कामं करत राहतात आणि मग म्हणतात छान आहे पण संथ आहे, याचं वाईट वाटतं, कारण ही गाणी तशी ऐकायची नाहीतच.

पहिलं गाणं 'मारिया लांदो' घ्या. अमेरिकेतला गायक-संगीतकार डेव्हिड बर्नने १९९५ मध्ये पेरूच्या कृष्णवर्णीय संगीताचा एक संग्रह काढला, त्यात हे होतं, आणि परदेशात तिचं नाव झालं ते इथूनच. हेडफोन लावा, मोबाइलचा स्पीकर नको, त्यात खालचे आवाज सगळे गायब होतात. शब्दांचा अर्थ लगेच शोधू नका. आधी ठेका पकडा. सहा मात्रा धरून बोटांवर मोजा, म्हणजे लक्षात येईल की त्या कधी दोन-दोनच्या तीन जोड्या वाटतात तर कधी तीन-तीनचे दोन गट, आणि नेमकं कुठलं खरं हे गाणं शेवटपर्यंत ठरवू देत नाही. लांदो हा या लोकांच्या संथ गाण्यांचा एक प्रकार, त्याची सगळी मजा इथेच आहे. मोजताना चुकलात तर चुकू द्या, गाणं थांबवू नका.

दुसऱ्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवा. कविता सेसार काल्वोची, चाल चाबुका ग्रांदाची. शहरात पहाट होते, दिवस चढतो, रात्र होते, पण मारियाला मान वर करून बघायलाही वेळ नाही, ती फक्त राबते आणि तेही दुसऱ्यासाठी. हे कळल्यावर सुसाना कुठेच आवाज का चढवत नाही ते समजतं. रडून-ओरडून हे गाणं सहज गाता आलं असतं, तिने ते केलं नाही, आणि माझ्या मते तिचं मोठेपण त्यातच आहे.

आता वाद्यं ओळखायला शिका. काहोन म्हणजे लाकडी खोका, वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि पायांमधल्या फळीवर हातांनी वाजवतो, फळीच्या मध्याजवळ तळवा पडला की घुमणारा आवाज, वरच्या कडेला बोटं पडली की कडक. हे दोन आवाज वेगळे ऐकू आले की अर्धं काम झालं. किहादा म्हणजे गाढवाच्या जबड्याचं वाळलेलं हाड, दात त्यातच सैल झालेले असतात, बाजूला मूठ मारली की सगळे एकदम थरथरतात आणि लांब खुळखुळ ऐकू येते, काडी ओढली की खरखर. शेकर म्हणजे हलवून वाजवायचा खुळखुळा वाटेल, पण नीट ऐका, हाडाचा आवाज कोरडा असतो. काहिता ही गळ्यात अडकवायची छोटी पेटी, एका हाताने झाकण उघडझाप करायचं, दुसऱ्या हाताने काठी मारायची.

मग अल्बम. १९९७ चा तिच्याच नावाचा आधी, नंतर २००० चा 'एको दे सोम्ब्रास'. 'लामेंतो नेग्रो' क्युबात रेकॉर्ड झालेला जुना अल्बम आहे, पण त्याला लॅटिन ग्रॅमी, म्हणजे लॅटिन संगीताचा मोठा पुरस्कार, मिळालं २००२ मध्ये. झटपट नाचाची गाणी हवी असतील तर फेस्तेखो प्रकार शोधा, फक्त सुरुवात तिथून करू नका, वेगाची सवय लागली की लांदो ऐकायला धीर राहत नाही.

थोडा इतिहास माहीत असला तर ऐकणं बदलतं. पेरूत गुलामगिरी १८५४ ला संपली, पण या लोकांची गाणी-नाच नंतर विस्मरणात जायला लागले होते. १९५० च्या दशकात निकोमेदेस आणि व्हिक्तोरिया सांता क्रूस या भावंडांसारख्या लोकांनी ते परत उभे केले, काही गोष्टी म्हाताऱ्यांच्या आठवणीतून, काही तुकडे जोडून. सुसाना आणि तिचा नवरा रिकार्दो पेरेइरा हेही किनारपट्टीच्या गावांत फिरले, वयस्कर लोकांकडून गाणी गोळा केली, त्यावर पुस्तक केलं, १९९२ मध्ये संस्था काढली. २०११ मध्ये काही महिने ती सांस्कृतिक मंत्रीही होती, पण मला विचाराल तर तिचा वारसा त्या खुर्चीपेक्षा या गोळा केलेल्या गाण्यांत जास्त आहे.

इथवर आलात की व्हिक्तोरिया सांता क्रूसचं 'मे ग्रितारोन नेग्रा' बघा, नुसतं ऐकू नका, व्हिडिओच बघा. लहानपणी लोक काळी काळी म्हणून ओरडले तिथून सुरू होऊन तोच शब्द ती अभिमानाने म्हणते तिथपर्यंत, सगळं टाळ्या आणि ठेक्यावर. आणि सुसानाचा २०२० चा 'अ कापेला' शेवटी ठेवा, क्वारंटाइनमध्ये घरीच रेकॉर्ड केलेला, त्यालाही लॅटिन ग्रॅमी मिळालं. त्यात काहोन नाही, तुमच्या मदतीला ठेका देणारं कोणीच नाही, त्यामुळे आधीच्या गाण्यांत बोटांवर मोजायची सवय केली असेल तर इथे तिच्या नुसत्या श्वासांवरून मात्रा लागतात का बघा.