चवथीच्या मखराला चुणीदार कापडी झालर कशी शिवावी

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवडाभर आधी गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीच्या) सामानाइतकीच तयार झालरींची गर्दी असते. चकचकीत सॅटिन, सोनेरी लेस, आणि घरी आणून उलटी केली की आतून निघालेले धागे. त्याच पैशांत सुती कापडाची झालर घरी शिवता येते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. माझी पहिली झालर अजून वापरात आहे. शिवायला खरं तर दोन दुपारी लागतात. अडतं ते एकाच जागी, चुण्या घालताना. म्हणून या लेखात चुण्यांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

पाच फूट रुंदीच्या मखरापुढे साडेनऊ इंच उंचीची झालर, हे माप मी धरलं आहे. तुमचं मखर लहान-मोठं असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: झालरीचं कापड मखराच्या रुंदीच्या किमान दुप्पट हवं. दीडपटीत काम भागतं असं सांगणारे भेटतील. दीडपटीत चुण्या पडत नाहीत, कापड नुसतं सुरकुतल्यासारखं दिसतं. व्हॉइलसारखं पातळ कापड असेल तर अडीचपट घ्या.

कापड ४४ इंच पन्ह्याचं, पॉपलीन किंवा केम्ब्रिक. मीटरभरात बसतं, पण धुतल्यावर आटतं म्हणून सव्वा मीटर घ्या. सॅटिन नको, हे माझं ठाम मत आहे. ते सुईखाली सरकतं, उसवलं तर टाक्यांची भोकं तशीच राहतात, आणि समईची ज्योत चुकून लागली तर वितळून चिकटतं. सुती कापडही पेटतं, त्यामुळे समई झालरीपासून हातभर लांबच ठेवायची. ज्या पट्टीत पाइप घालून झालर टांगायची, त्या वरच्या पट्टीसाठी मात्र नवं कापड घेऊ नका. जुन्या सुती साडीची लांब पट्टी काढा. साडीचा उभा धागा ताणत नाही आणि मधे जोड द्यावा लागत नाही. आमच्या घरात आजीच्या वेळची लाल चौकड्यांची कुणबी साडी होती, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणली तशा विणीची. ती मधोमध विरली होती, पण काठाजवळचं कापड घट्ट होतं. पिवळ्या झालरीवर ती लाल पट्टी इतकी खुलते की वेगळी लेस लावावीशी वाटत नाही.

कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. इथे श्रावण-भाद्रपदात दोरीवरचं कापड हाताला कोरडं लागतं, पण आतून दमट असतं. तसंच मापून कापलं तर इस्त्री फिरवल्यावर माप बदलतं. म्हणून आधी गरम इस्त्री, मगच टेप. आणि हे काम चवथीच्या दोन आठवडे आधी काढा, पावसात वाळायलाच दोन दिवस जातात.

पन्ह्याच्या दिशेने ११ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. कडेला छोटी चीर देऊन फाडल्या तर अगदी सरळ येतात. दोन्ही बाजूंचे काठ कापून टाका, म्हणजे प्रत्येक पट्टी ४३ इंचांची उरते. तिन्ही पट्ट्या अर्धा इंच शिलाई ठेवून एकमेकींना जोडा, जोड उघडून इस्त्री करा. दोन्ही टोकं आणि खालची कड पाव इंच, मग पाऊण इंच अशी दुमडून शिवून घ्या. आता हातात १२५ इंच लांबीची झालर आहे. साडीची पट्टी ६२ इंच लांब, ५ इंच रुंद कापा. तिची दोन्ही टोकं एकेक इंच आत दुमडून शिवा, म्हणजे बरोबर पाच फूट राहील. एक लांब कड अर्धा इंच उलट्या बाजूला दुमडून इस्त्रीने बसवून ठेवा.

आता चुण्या. माझी पहिली झालर इथेच बिघडली. मी १२५ इंचांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब टाक्याची एकच शिलाई मारली आणि दोरा ओढत गेले. सुरुवातीला छान सरकत होतं. चारेक फूट चुण्या गोळा झाल्या, मग दोरा जड झाला. मी जोर लावला, आणि दुसऱ्या जोडापाशी तो तुटला. गोळा केलेलं सगळं कापड माझ्या मांडीवर सुटून सपाट झालं. तयेच्या, म्हणजे हरताळिकेच्या, आदली रात्र होती आणि घरात अजून माटोळी बांधायची होती. मला रडू आलं. काकी बाजूला माटोळीसाठी कांगल्यांचे, म्हणजे रानफळांचे, घोस बांधत बसली होती. ती म्हणाली, "अगो, एवढी लांब शिलाई एका ओढीत येते का? तुकडे कर." त्या एका वाक्यावर पुढची सगळी झालर उभी राहिली.

तर तुकडे करायचे. झालरीचे जोडांनी तीन भाग आपोआप पडलेले आहेत. प्रत्येक जोडापाशी शिलाई थांबवा, दोरा चार इंच सोडून कापा, आणि जोडाच्या पलीकडे नव्याने सुरू करा. जोडाच्या जाडीतून दोरा कधीच नीट सरकत नाही, माझाही तिथेच तुटला होता.

मशीनचा टाका सगळ्यात लांब करा. वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल करा. बॉबिनच्या स्क्रूला हात लावायचा नाही. वरचा दोरा सैल असला की खालचा दोरा सरळ पडतो, आणि ओढायचा असतो तो हाच. बॉबिनमध्ये पॉलिएस्टरचा मजबूत दोरा भरा, आणि झालरीच्या रंगाहून अगदी वेगळा. मी पिवळ्या कापडाला निळा भरते. कोणता ओढायचा हे दिव्याच्या उजेडातही कळतं आणि शेवटी काढताना शोधावा लागत नाही.

शिलाया दोन घाला. पहिली वरच्या कडेपासून पाव इंचावर, दुसरी पाऊण इंचावर. पक्की शिलाई या दोघींच्या बरोबर मधून, अर्ध्या इंचावर जाईल. एकच शिलाई पुरते हा सल्ला मी कितीदा ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे. एका दोऱ्यावर चुण्या वळतात, आडव्या होतात, सुईखाली एकमेकींवर चढतात. दोन दोऱ्यांमध्ये त्या उभ्या धरलेल्या राहतात. दुसरा सल्ला असतो इलॅस्टिक ताणून शिवण्याचा. तो तर अजिबात ऐकू नका. आपल्या दमट हवेत इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं, आणि पुढच्या चवथीला झालर लोंबलेली दिसते.

ओढण्याआधी खुणा करा. पट्टीवर दर २० इंचांवर टाचणी लावा, तिथे झालरीचे जोड येतील. मग त्या २० इंचांच्याही मधोमध एक टाचणी. झालरीच्या प्रत्येक भागाचा मध्य काढून तिथेही. पट्टीची सुलट बाजू झालरीच्या उलट्या बाजूला लावा, दुमड न घातलेली कड झालरीच्या वरच्या कडेशी जुळवा आणि टाचणीला टाचणी मिळवा. आता १२५ इंचांचं ओझं नाही. एका वेळी साधारण २१ इंच कापड १० इंचांत बसवायचं, एवढंच काम समोर आहे.

भागाच्या एका टोकाला दोन्ही निळे दोरे टाचणीभोवती आठाच्या आकड्यासारखे गुंडाळा. दुसऱ्या टोकाने दोन्ही दोरे एकत्र धरून हळू ओढा, आणि मधल्या टाचणीच्या पुढचं कापड डाव्या हाताने मागे सरकवत न्या. दोरा जड वाटला की थांबा. जोर लावायचा नाही, मागच्या चुण्या बोटांनी पुढे ढकला, मग पुन्हा ओढा. माप बसलं की हे टोकही टाचणीला गुंडाळून टाका.

त्यानंतर चुण्या सारख्या करा. या पायरीला घाई करू नका, झालर चांगली दिसते ती इथे घालवलेल्या वेळामुळे. शिलाईजवळ दोन्ही अंगठे ठेवून कापड खाली, सरळ रेषेत, हलकं ओढा. झालरीवर नखाने वरून खाली रेघ मारल्यासारखं करत चला, तांदळाच्या दाण्याएवढ्या चुण्या ओळीने उभ्या राहतात. कुठे गठ्ठा, कुठे सपाट असं दिसलं तर दोन बोटांनी इकडचं तिकडे सरकवा. झालर हातभर लांब धरून डोळे बारीक करून पाहा, गठ्ठा लगेच कळतो.

शिवताना टाका पुन्हा अडीचवर आणा आणि टेन्शन होतं तसं करा. मी हे एकदा विसरले आणि अख्खी पट्टी उसवावी लागली. चुण्यांची बाजू वर, पट्टी खाली. उलट ठेवलं तर मशीनचे दाते चुण्या ओढून नेतात आणि तुम्हाला दिसतही नाही. अर्ध्या इंचावर, दोन शिलायांच्या मधून, सावकाश जा. सुईच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून चुण्या सरळ धरा, दर दोन इंचांवर थांबून पुढच्या नीट करा. टाचणी सुईजवळ आली की काढा. टाचणीवरून शिवायला जाऊ नका, सुईचा तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो.

खालची, पाऊण इंचावरची निळी शिलाई ओढून काढा. वरची आत झाकली जाते, राहू दे. पट्टी वर उलटा, इस्त्री फक्त पट्टीवर फिरवा. चुण्यांवर इस्त्री दाबली तर एवढा वेळ घालवून उभ्या केलेल्या चुण्या बसून जातात. पट्टी पुढच्या बाजूला मुडपा, दुमडलेली कड शिलाईवर आणून झाका आणि कडेकडेने पुढून शिवा. दोन इंचांची नळी तयार होते.

नळीतून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप किंवा बांबूची गुळगुळीत कामटी घाला आणि दोन्ही टोकं मखराला सुतळीने बांधा. माटोळीच्या चौकटीला झालर बांधू नका. तिथे नारळ आणि सुपारीचं वजन असतं, शिवाय फळांचा चीक आणि पाणी गळून कापडावर डाग पडतात. आंबाड्याचा डाग मी लिंबू चोळूनही काढू शकले नाही.

हीच झालर आमच्याकडे व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, तुळशीमागे लागते. नाताळात शेजारच्या घरी पांढऱ्या कापडाची तशीच एक मी गोठ्याच्या देखाव्याला शिवून दिली होती, फक्त उंची सहा इंच ठेवली.

विसर्जनानंतर झालर धुवा, कडकडीत ऊन पडेल त्या दिवशी वाळवा आणि एकही टाचणी राहिली नाही ना ते हाताने चाचपून पाहा. गंजाचा डाग जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. पाइपवर गुंडाळून, वरून जुन्या सुती धोतराचा तुकडा लपेटून माळ्यावर ठेवली की चुण्या मोडत नाहीत आणि पुढच्या वर्षी इस्त्रीही लागत नाही.